बाहेरचं

पियूषनं मोबाइल ओट्यावर, भिजवलेल्या डाळीच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "आता ऐका. मंग मले येडा म्हणा."

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. मनीषनगरच्या त्या दुमजली घरात पहाटेपासून पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरून तयार होत्या, आणि देवाच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी लुगडी नेसून उभ्या होत्या. अशा दिवशी असलं काही ऐकायचं नसतं. पण ऐकायला सगळे जमले. भैयाजी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे राहिले. त्यांची थोरली बहीण कांताबाई पाटावरून उठून आल्या. त्यांच्या शब्दाशिवाय या घरात देवाला हळदसुद्धा लागत नव्हती. भैयाजींच्या बायकोनं, कुसुमताईंनी, पोराकडे रागानं बघत गॅस बारीक केला. खाली बसून अळूची पानं पुसणारी मनकर्णा तेवढी उठली नाही. पारशिवनीहून सणाला आलेल्या धाकट्या जावेनं मधे मधे करायचं नसतं, हे तिला लग्नापासून शिकवलेलं होतं. तिनं फक्त हात थांबवला.

मोबाइलमधून आधी पंख्याची घरघर आली. मग एक आवाज. तो सगळ्यांनी ओळखला. काजल, मनकर्णेची मुलगी. दहावीला शाळेत पहिली आली म्हणून भैयाजींनी मोठेपणानं तिला क्लासला नागपूरला आणलं होतं आणि वरच्या सामानाच्या खोलीत, पेट्यांच्या मधे, तिची खाट टाकून दिली होती.

"सांग, काय दिसते?"

बराच वेळ नुसता पंखा. मग दुसरा आवाज आला. ओलं कापड पिळावं तसा, खालून वर येणारा.

"भिंत. पेटी."

"अजून?"

"दोन तोंडं."

"काय करून राहिले ते?"

"पाहून राहिले. मले भेव वाटते गं. मले आत घे."

आणि मग तो दुसरा आवाज एकच शब्द म्हणत सुटला, श्वास न घेता. कटपीस कटपीस कटपीस कटपीस. पियूषनं मोबाइल बंद केला तरी तो शब्द स्वयंपाकघरात थोडा वेळ फिरत राहिल्यासारखा वाटला.

"परवा दुपारचं आहे," पियूष म्हणाला. "तुम्ही सगळे झोपून होते. मी चार्जर आणाले वर गेलो तं आतून बोलणं. दाराखालून मोबाइल सरकवला."

"मंग दार उघडून पाह्यलं काहून नाही?" भैयाजींनी विचारलं.

"मले काय मरायचं हाये, बाबा?"

कांताबाईंनी कपाळाला हात लावला. "परवा दुपारी मुखवटे पॉलिश होऊन तिथंच होते, पेटीवर. दोन तोंडं म्हणजे देवीचे मुखवटे. देवीलेच पाहून भ्यालं ते!" मग ज्या शब्दाची सगळे वाट बघत होते तो त्यांनी टाकला. "बाहेरचं आहे."

हा शब्द काय चीज आहे ते सांगतो. या घरात तो तीन कामांना वापरतात. मुलगी पाळीची असली की ती बाहेरची. पारशिवनीकडचं माणूस आलं की ते बाहेरचं. आणि डोक्यात भूत शिरलं की तेही बाहेरचं. काजलवर आता तिन्ही अर्थ एकदम बसले होते, कारण कालपासून ती पाळीची होती आणि वरच्या खोलीतून खाली यायची तिला मनाई होती.

आणि गुंजन? कुसुमताईंची गुंजन, काजलच्याच वयाची, सोळा. पावसाळा लागता लागता ती शाळेच्या बसमध्ये थरथरत खाली कोसळली होती. हात वाकडे, ओठ निळे, तोंडातून शब्द नाही. तेव्हा कोणी बाहेरचं म्हटलं का? तेव्हा टेन्शन म्हटलं. पॅनिक म्हटलं. धंतोलीच्या डॉक्टर मॅडमकडे गाडीनं नेलं, शाळेतून सुट्टी काढली, तिच्या खोलीत नवा एसी बसवला. शेजारच्या बायका सफरचंदं घेऊन भेटायला आल्या आणि 'अभ्यासाचं किती प्रेशर असते ना आजकाल' असं बोलून गेल्या. त्याच महिन्यात काजलनं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, ताटापुढं बसल्यावर तिचे हात तसेच थरथरले. तेव्हा शब्द निघाला घुमी. मग निघाला नखरेल. आता हा. पोरी दोन, थरथर एक. नाव मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे.

"दुकानावर बोलून राहिलं ते," भैयाजी हळूच म्हणाले. गांधीबागेत त्यांची कपड्याची ठोक पेढी होती, आणि धंद्यातला शब्द भुताच्या तोंडून ऐकल्यापासून त्यांचा चेहरा उतरला होता. "कटपीस म्हणते. कोणीतरी करणी केली, आक्का. मार्केटातलाच आहे कोणी."

"करणी असो, काही असो. जेवणं झाली का तिच्या बापाले, बापूजीले म्हणा, पोरगी घेऊन जाय. तिकडं त्यांच्याकडं महाराज आहेत, ते उतरवतीन. माहेरवाशीण देवी घरात असताना हे नको."

"पुढच्या महिन्यात तिची मोठी परीक्षा आहे, बाई," मनकर्णा जमिनीकडे बघत थोरल्या जावेला म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"परीक्षा कुठं पळून जाते?" कुसुमताई म्हणाल्या. त्या पाहुण्यांसमोर नेहमी शुद्ध बोलत, पण आत्ता घरचेच होते. "तब्येत पहिले का परीक्षा पहिले? गुंजनची नाही का आम्ही बुडवली?"

गुंजनची बुडाली तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा होती. काजलची बुडाली तर पुढं काही नव्हतं. बाहेरचं लागून परत आलेल्या पोरीला गावात कोणी क्लासला पाठवत नाही. तिला महाराजांकडे बसवतात, आणि मग लवकर उजवून टाकतात, लोकांना आठवण राहायच्या आत. हे मनकर्णेला माहीत होतं. कुसुमताईंनाही माहीत होतं. म्हणूनच त्यांनी गॅस पुन्हा मोठा केला आणि आवाज होईल असा झारा कढईत आपटला.

*

मनकर्णा चहा-पोहे घेऊन वर गेली तेव्हा काजल खाटेवर बसून पिशवी भरत होती. तिला खालचं सगळं ऐकू आलं होतं. खोलीत फिनाइलचा वास होता, आणि मुखवट्यांची पेटी उघडी, रिकामी.

"कोण होतं वं तुह्यासंग?"

"कोणी नाही."

"माह्यासमोर खोटं बोलू नको. दुसरा आवाज कोणाचा?"

"मी शपथ घेतली आहे, आई. माह्या गळ्याची."

मनकर्णेनं पोह्याची बशी खाली ठेवली. लेकीजवळ बसायचं तर शिवाशिव होणार, आणि मग तिला पुरणाला हात लावता येणार नाही. ती दोन हात लांब, जमिनीवर बसली.

"काय दिसते, हे तं माहंच आहे," ती म्हणाली.

काजल हसली. कितीतरी दिवसांनी. शेत पेंचच्या जंगलाच्या अंगाला. सांजेला बांधावरून घरी येताना झुडपात काही खसखसलं की मनकर्णा लहान काजलचा हात घट्ट धरी आणि म्हणे, दिसते ते बोलत चाल. मोठ्यानं बोलायचं. हे बोराचं झाड. हा शेताचा धुरा. हे माहे पाय. वाघाला कळतं माणूस आहे म्हणून, आणि माणसालाही कळतं आपण अजून आहोत म्हणून. थांबायचं नाही, पळायचं नाही, दिसेल ते बोलायचं.

"तुले कामी आलं का ते अठी?"

"मले कोण विचारते, आई? एकट्यानं नाही होत ते. दुसऱ्यानं विचारलं तं होते." काजलनं पिशवीची चेन ओढली. "क्लासमधी मी मले-तुले बोलली का मागच्या बाकावरचे पोट्टे तसंच बोलून दाखवते. सर बी हसते. मंग मी बोलणंच सोडलं. घरी आली तं हे दोन मुखवटे असत पेटीत. थोडे दिवस मी यायच्यासंगच बोलत होती. खरं सांगतो, थोडे दिवस ते मले उत्तर देत होते."

लेक हे अगदी साध्या आवाजात बोलली होती, दूध नासलं असं सांगावं तशी.

"आणि मंग?"

"मंग एक दिवस दार वाजलं." एवढं बोलून तिनं पोह्याची बशी ओढून घेतली.

मनकर्णा उठली. दारात थांबली. सकाळपासून कानात अडकलेलं काटकूट आता तिच्या हाताला लागलं होतं.

"आपल्यात भेव लागते," ती म्हणाली. "वाटत नाही. आणि आपल्यात वं म्हणते, गं नाही म्हणत. ते जे कोणी होतं ते आपल्याकडलं नव्हतं, काजल. आपल्यासारखं बोलाले पाहून राहिलं होतं."

काजलनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तिनं दोन्ही हात जोडले. बोलू नको, असे.

मनकर्णा खाली उतरली. मागून कांताबाई आल्या आणि त्यांनी जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घालून कुलूप लावलं. "बाहेरची आहे, चुकून खाली यायची," त्या म्हणाल्या. कोणत्या अर्थानं, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

गुंजनच्या खोलीत एसी चालू होता आणि पडदे ओढलेले होते. तिनं भिंतीला कान लावून सगळं ऐकलं. स्वतःचा आवाजही. तिला तो ओळखू आला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. आईनं नाही ओळखला. बाबांनी नाही ओळखला. मग तो तिचा होता कशावरून?

फार सोपं होतं. उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, म्हणायचं, मी होते. दुपारी मीच जाते तिच्याकडे. पण त्याच्या पुढं बाबांनी विचारलं असतं, कटपीस कशाला म्हणत होतीस? आणि मग सांगावं लागलं असतं.

की त्या मोठ्या शाळेत, जिथं सगळ्यांचे बाप डॉक्टर, बिल्डर, वकील, तिथं एका मुलीनं गांधीबागेतली दुकानाची पाटी बघितली. पाटीखाली गाठोड्यावर बसून जेवणारे बाबा बघितले. फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून गुंजन कटपीस झाली. आधी तीन मुली म्हणत. मग वर्ग. मग बस. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी कोणी बसलं की बाकीचे कात्रीसारखी बोटं दाखवत, कच, कच. ती बसमध्ये रडली तर तिच्या रडक्या तोंडाचं स्टिकर झालं आणि ते अजून फिरत होतं. घरी ती राजकन्या होती. तिथं उरलेल्या कापडाचा तुकडा. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, पण आई शेजारच्या खुर्चीवरून उठायचीच नाही. आईसमोर कसं सांगायचं की मला तुमच्या दुकानाची लाज वाटते, आणि लाज वाटते याची त्याहून जास्त लाज वाटते?

एका दुपारी छातीत ते सुरू झालं तेव्हा ती जिना चढून गेली होती. का, ते तिलाही माहीत नाही. दार वाजवून म्हणाली, मले आत घे. तोंडातून तसंच निघालं, काजलसारखं. त्या बोलीत तिला अजून कोणी कटपीस म्हटलं नव्हतं.

आता बाहेर पाहुण्या बायका यायला लागल्या होत्या. अत्तराचा, गजऱ्यांचा वास दाराखालून आत येत होता. काजल आज जाणार. गुंजनच्या बोटांना मुंग्या आल्या. मग मनगटांना. तिला माहीत होतं पुढं काय. ती खोलीतून सटकली, जिन्यापाशी गेली. दाराला कडी आणि कडीला वर कुलूप. तिनं दार खरवडलं. वर काजलनं ऐकलं असेल का? उत्तर आलं नाही. तिच्या मागं, देवाच्या खोलीत, त्या वेळी कोणी नव्हतं.

त्या खोलीत ती दोघं होती. वरच्या खोलीतली. पेटीतली. त्यांनी तर सगळं पाहिलेलंच होतं. आणि त्यांच्या मागच्या पडद्याआड एका माणसाला लपून बसता येईल एवढी जागा होती.

*

नैवेद्य दाखवला. दोन केळीच्या पानांवर पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. विडे ठेवले. भैयाजींनी डोळे मिटून पाणी फिरवलं आणि कांताबाईंनी देवाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आता देव्या जेवणार. जेवताना त्यांना बघायचं नाही, बोलायचं नाही, आत डोकवायचं नाही. दिवाणखान्यात बसलेल्या पंधरा-वीस बायका गप्प झाल्या. बापूजी, भैयाजींचा धाकटा भाऊ, कोपऱ्यात जावयासारखा अवघडून बसला होता. दुपारच्या गाडीचं त्याला सकाळीच सांगून झालं होतं, आणि त्यानं 'बरं दादा' म्हणून मान हलवली होती. जन्मभर हलवली होती तशी.

एवढ्या माणसांत एवढी शांतता. फ्रिजची घुरघुर ऐकू येत होती.

आणि मग आतून, बंद दारामागून, स्पष्ट आवाज आला.

"सांग, काय दिसते?"

पियूषनं खिशातला मोबाइल काढला. तो काजलचा आवाज होता. आणि काजल वर होती, कुलपात. किल्ली कांताबाईंच्या कमरेला.

"ताटं," दुसरा आवाज म्हणाला. "दिवे."

"अजून?"

"वडा. फुलं. हिचे डोळे."

"काय करून राहिले?"

"पाहून राहिले. पाहून राहिले. पाहून राहिले."

एका पाहुणीच्या हातातून हळदकुंकवाचं ताट निसटलं. ते गोल गोल फिरत जमिनीवर वाजत राहिलं आणि कोणी ते थांबवलं नाही. कुसुमताईंनी कांताबाईंचा दंड धरला. "आक्का, उघडू नका."

कांताबाईंनी उघडलं.

कनिष्ठा उभी होती. लुगडं, ठुशी, कमरपट्टा, हातात बांगड्या, सगळं जागच्या जागी, आणि मानेवर काही नाही. तिच्यासमोर जमिनीवर, पानांच्या मधे, कोणीतरी बसलं होतं. डोक्यावरून देवीचाच पदर ओढलेला. दोन्ही हातांनी कनिष्ठेचा पितळी मुखवटा तोंडासमोर धरलेला. मुखवटा हसत होता, कारण तो नेहमीच हसतो. त्याच्या मागून आवाज येत होता, कधी काजलचा, कधी तो दुसरा. प्रश्न एकाचा, उत्तर एकाचं. आणि हात इतके थरथरत होते की मुखवट्याच्या नथीतले मोती एकमेकांवर वाजत होते.

पदर घसरला. गुंजन.

आता बघा माणसं काय करतात. सकाळी तोच आवाज, तेच शब्द, तीच थरथर होती. सकाळी ते भूत होतं.

"अंगात आली!" मागची एक बाई किंचाळली. "माय, देवी आली!"

"देवी आली!" कांताबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं. त्यांच्या मागं सगळ्या बायका. कोणी कुंकू फेकलं, कोणी खणाची ओटी पुढं सरकवली. "काय चुकलं, माय? सांग! लेकरांचं काय चुकलं?"

"मी... मी गुंजन आहे," मुखवट्यामागून आवाज आला.

"गुंजनचं नाव घेतलं! तिचं बरं होणार!"

"मले सोडा. कटपीस नाही मी. कटपीस नाही, कटपीस, कट..."

भैयाजी दारातच गुडघ्यावर बसले. डोळ्यांतून धारा. "दुकानाले आशीर्वाद देऊन राहिली," ते शेजारच्या बाईला म्हणाले. "ऐकलं का? आमच्या दुकानाले."

गुंजनचा श्वास आता आत जात होता पण बाहेर येत नव्हता. बायकांनी तो संचार समजला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आरतीचा सूर लागला. कुंकवाचा एक लपका मुखवट्यावरून ओघळून तिच्या बोटांवर आला. तिला वाटलं, रक्त आहे.

मनकर्णेनं तेव्हा एकच केलं. ती वाकून पाया पडली, जशा सगळ्या पडत होत्या, आणि पडता पडता कांताबाईंच्या कमरेची किल्ली काढून घेतली. ती चोर नव्हती. पण बोलून काही होत नाही हे तिला कळलेलं होतं.

*

काजल जिना उतरून आली ती गर्दीतून सरळ. तिला वाट द्यावी लागली, कारण शिवली तर आंघोळ.

"बाहेरची!" कांताबाई उठल्या. "ए पोट्टी! उंबरठा ओलांडू नको! देवी आहे आत!"

"गुंजन आहे," काजल म्हणाली, आणि आत गेली.

कोणी तिला धरलं नाही. धरायचं तर शिवावं लागतं, आणि म्हणून सगळ्यांचे हात हवेत राहिले. काजल पानांच्या मधे बसली. तिनं मुखवटा ओढला नाही. फक्त गुंजनची मनगटं धरली.

"माह्याकडं नको पाहू. पुढं पाह. सांग, काय दिसते?"

टाळ्या थांबल्या होत्या.

"पाय," मुखवट्यामागून आलं. "लय पाय."

"अजून?"

"पियूषदादा. मोबाइल धरून आहे. आत्या. कुंकू आहे ते. कुंकूच आहे ना?"

"कुंकूच आहे. अजून?"

"बाबा. रडून राहिले."

"अजून?"

मुखवटा हळूहळू खाली आला. मागं घामानं, काजळानं बरबटलेलं सोळा वर्षांचं तोंड होतं. ते दाराकडे बघत होतं.

"आई."

"आई काय करून राहिली?"

गुंजननं बराच वेळ बघितलं. "भेऊन राहिली," ती म्हणाली. "मलेच भेऊन राहिली."

कुसुमताईंना तेव्हा कळलं. मोबाइलमधला तो पिळल्यासारखा आवाज. घरघर. मले आत घे. तो कोणाचा होता ते. अख्खी सकाळ तो आवाज त्यांच्या ओट्यावर, डाळीच्या पातेल्याशेजारी पडून होता आणि त्यांनी झारा आपटला होता. मागं बायका कुजबुजत होत्या. देवी गेली का? बाटली का? पाळीच्या पोरीनं शिवलं, आता काय होते पाहा. शेजारच्या बिल्डरीणबाई मान उंच करून आत बघत होत्या, आणि त्या आज संध्याकाळच्या आत अख्ख्या मनीषनगरला सांगणार होत्या.

कुसुमताई पुढं झाल्या. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या धरल्या आणि ओढून लावून टाकल्या. मुलींना आत ठेवून. मग त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"देवीचं जेवण चालू आहे," त्या म्हणाल्या. शुद्ध भाषेत, पाहुण्यांसाठी. "आत कोणी बघायचं नाही."

"कुसुम, अवं ते पोट्टी बाहेरची..."

"आक्का." कुसुमताईंचा आवाज फुटला. "जेवण चालू आहे म्हटलं ना."

आता हे मायेनं केलं की लाजेनं, ते मला विचारू नका. लेकीला एकांत दिला, की बिल्डरीणबाईंची नजर अडवली? मला वाटतं, त्यांनाही माहीत नव्हतं. नियम त्या बायकांचाच होता, तो मोडायची कोणाची छाती नव्हती. बायका पुन्हा बसल्या. कोणी सांडलेलं हळदकुंकू भरायला लागलं. पियूषनं मोबाइल खिशात घातला.

मनकर्णा कुसुमताईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी जावा, दाराला पाठ लावून.

"तुले माहीत होतं," कुसुमताई पुटपुटल्या.

"सकाळीच."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"माह्या पोरीचा आवाज ऐकला तं तुम्ही गाडी सांगितली, बाई. तुमच्या पोरीचं नाव मी घेतलं असतं तं त्या गाडीत आम्ही मायलेकी दोघी असतो. तरी कोणी ऐकलं नसतं."

कोपऱ्यातून बापूजी उठला. आजवर त्यानं त्या दिवाणखान्यात विचारल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं. "दादा," तो भैयाजींना म्हणाला, "गाडीवाल्याले फोन करून दे. नाही म्हणाव. काजलची परीक्षा आहे."

भैयाजी अजून गुडघ्यावरच होते, डोळे पुसत. त्यांना आशीर्वाद मिळाला होता. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

आतून आवाज यायला लागले होते. दारामागं, अगदी हळू. कुसुमताईंनी नकळत कान लावला.

"अजून काय दिसते?"

"वडा. तो खाऊ का?"

"खाय ना. जेवणच चालू आहे."

मग दुसऱ्या आवाजात, पहिल्याला:

"आणि तुले? तुले काय दिसते?"

याला उत्तर फार उशिरा आलं. इतक्या उशिरा, की कुसुमताईंना वाटलं आत कोणी नाहीच. मग कोणीतरी रडायला लागलं. दाबून नाही, मोकळं, महिनोन्‌महिन्यांचं. आणि रडता रडता एक एक वस्तू सांगायला लागलं. दार. दिवा. तुहे हात. माहे हात. आणि दुसरं कोणीतरी प्रत्येक वस्तूमागं हाव म्हणत होतं, हाव, हाव, आहे, आहे ते.

आत दोन आवाज होते. त्यांतला आपला कोणता, ते कुसुमताईंना ओळखता येईना.